नेरूळ, जुनी सिडको इमारत: सासू-सासरे राहायला येणार, संडास-बाथरूम एक करावं का?

नेरूळ_सेक्टर
वन बीएचके, पहिला मजला, आम्ही चौघं. आता सासू-सासरेही कायमचे येणार. सासरे वॉकर घेऊन चालतात. संडास आणि बाथरूम शेजारी-शेजारी, वेगळे. ठेकेदार म्हणतो मधली भिंत काढून मोठं करा. काय करावं?

कोबा_कारागीर
एक करू नका. सहा माणसांच्या घरात सकाळी वेगळा संडास असणं ही मोठी सोय आहे. त्याऐवजी बाथरूममध्येच दुसरा कमोड बसवता येतो का ते बघा. शाफ्टमधला (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेतला) 4 इंची मैल्याचा पाइप बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर पी-ट्रॅपचा कमोड घ्या. त्याचा पाइप भिंतीतून सरळ बाहेर जातो, स्लॅबला हात लागत नाही.

आणि ती मधली भिंत 9 इंची असेल तर ती वरचा भार घेत असू शकते. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय हातोडा लावू देऊ नका. सोसायटीची परवानगी तर लागेलच.

पाटलीण_ऐरोली
खरी अडचण उंबरठ्याची. जुन्या घरांत लादीवर लादी बसवून बाथरूमची जमीन वर आलेली असते. आधी कोब्यापर्यंत (लादीखालच्या सिमेंटच्या थरापर्यंत) सगळं काढा. दाराशी आतल्या-बाहेरच्या जमिनीच्या उंचीतला फरक अर्ध्या इंचाच्या आत ठेवा, उतार दारापासून जाळीकडे (पाणी जायच्या भोकाकडे), 6 फुटांत साधारण एक इंच. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत कुणी पडलं तर आतल्या बाजूला उघडणारं दार अंगाला अडतं. मोकळी रुंदी निदान 80 सेंमी.

नेरूळ_सेक्टर
खालच्या घरात गळती नको. वॉटरप्रूफिंग कसं तपासायचं?

कोबा_कारागीर
वॉटरप्रूफ कोटिंग झाल्यावर, लादी लावण्याआधी जाळी बंद करून 48 तास पाणी भरून ठेवा आणि खालच्यांचं छत बघा. बहुतेक वेळा गळतं ते ट्रॅपच्या (जाळीखालच्या, वास अडवणाऱ्या वाकड्या भागाच्या) पाइपभोवती. पीव्हीसीला सिमेंट नीट धरत नाही, म्हणून तिथे न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा सिमेंटचा मसाला) भरून घ्या, मगच कोटिंगचे दोन हात. कोटिंग भिंतीवर निदान फूटभर चढवा, अंघोळीच्या बाजूला 6 फुटांपर्यंत.

पाटलीण_ऐरोली
कमोडची सीट 18 इंचांवर, आधाराचा दांडा सीटच्या वर साधारण 8 इंच. भिंत सिपोरेक्स ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) असेल तर साधा फास्टनर सुटून येतो, केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) वापरा. दांडा कुठे येणार ते लादी लावण्याआधीच भिंतीवर खुणा करून ठरवा, आणि तेव्हा सासऱ्यांना तिथे उभं करून त्यांचा हात कुठे पोचतो ते बघा.