स्विचच्या कमांड लाइनवर हात बसत नाही

अक्कलकोटरोड_आयटी:
टॉवेलच्या कारखान्यात आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. सिस्कोचे ४८ पोर्टांचे कॅटॅलिस्ट नेटवर्क स्विच आहेत. काल कॅमेऱ्यांसाठी ३० पोर्ट व्हीलॅन २० मध्ये, म्हणजे त्याच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये, घ्यायचे होते. एकेक पोर्ट उघडून दोन-दोन ओळी टाकल्या, दीड तास गेला. त्यात स्पेलिंग चुकलं की ‘ट्रान्सलेटिंग’ म्हणत अडकून बसतो. तुम्ही लोक भराभर कसं करता?

नवीपेठ:
‘इंटरफेस रेंज’ कमांड वापर. त्याच दोन ओळी, तीसही पोर्ट एकदम. आणि शब्द अख्खे लिहू नकोस, चालू सेटिंग बघायला ‘शो रन’ पुरतं. अडलास तर टॅब दाब, शब्द पुरा होतो, किंवा प्रश्नचिन्ह दे, पर्याय दिसतात.

जुळेसोलापूर_काका:
रेंज जरूर वापर, पण आधी ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ बघ. मधेच एखादा पोर्ट ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन दुसऱ्या स्विचकडे नेणारा, असला आणि तू सरसकट ‘मोड अ‍ॅक्सेस’ दिलंस, तर पलीकडचा अख्खा स्विच जाईल.

अडकण्याचं कारण असं : न ओळखलेला शब्द त्याला एखाद्या मशीनचं नाव वाटतं आणि तो डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारत बसतो. तेवढ्यापुरतं कंट्रोल-शिफ्ट-६ दाब. कायमचं हवं तर ‘नो आयपी डोमेन लुकअप’. फक्त एनटीपी सर्व्हर (घड्याळ जुळवणारा) नावाने दिलेला नाही ना, ते तपास.

आता मुद्द्याचं. एका मे महिन्यात मी घरी बसून एका गिरणीच्या ट्रंकवर नवा व्हीलॅन देत होतो. ‘अलाउड व्हीलॅन’ पुढे ‘अ‍ॅड’ लिहायचं राहिलं. आधीचे सगळे व्हीलॅन उडाले, माझं सेशनही तुटलं, तिकडे पॅकिंगचे बारकोड बंद. भर उन्हात गाडी काढून चिंचोळी गाठली. तेव्हापासून लांबून काम असलं की माझी पहिली ओळ ‘रीलोड इन १०’. काही तुटलंच तर दहा मिनिटांनी स्विच स्वतः रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर येतो. सगळं नीट दिसलं की ‘रीलोड कॅन्सल’, आणि सेव्ह करणारं ‘राइट मेमरी’ त्यानंतरच. मधेच सेव्ह केलंस तर चूकही सेव्ह होते. कारखाना चालू असताना मात्र हे शिफ्टवाल्यांना सांगून कर बाळा, दहा मिनिटांनी खरंच सगळं बंद पडू शकतं.

अक्कलकोटरोड_आयटी:
काका, आज दुसरा स्विच केला. स्टेटस बघितलं म्हणून वाचलो, २४ वर ट्रंक होता, विणकाम शेडकडे जाणारा. मग रेंजमध्ये स्वल्पविराम देऊन १ ते २३ आणि २५ ते ३१ घेतले. पाच मिनिटं लागली. एकच कॅमेरा ‘नॉटकनेक्ट’ दाखवत होता, त्या पोर्टात तूस भरलं होतं. आता एकच सांगा, शो बघायला दर वेळी कॉन्फिगमधून बाहेर यावं लागतं का?

जुळेसोलापूर_काका:
नाही रे. पुढे ‘डू’ लाव, ‘डू शो इंटरफेसेस स्टेटस’. आणि उरलेल्या पोर्टांतलं तूसही काढून घे, रिकाम्या पोर्टांना डस्ट कॅप लाव.