फौजी आबांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्याबद्दल लिहायचंय, माहिती कुठून मिळंल?

जिंतूरची_नात:
नमस्कार मंडळी. आमचे आबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, मागच्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला पाहुण्यांना द्यायला छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय अन् लिहायचं काम माझ्याकडं आलंय. ७१ च्या लढाईत होते एवढंच घरात माहिती, कुठं होते काय झालं कधीच सांगितलं नाही, विचारलं की "जेव आधी" म्हणायचे. मला आठवतात ते वेगळेच आबा, जूनमधी पेन्शन उचलली की सगळ्या नातवंडांच्या वह्या आणायचे अन् रात्री बसून एकेकीला खाकी कव्हर घालायचे, कोपरे असे दाबून दुमडायचे की वर्ष सरलं तरी कव्हर हलत नव्हतं. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कागद अन् मेडल आहेत, त्यावरून काही कळंल का?

निवृत्त_हवालदार:
ताई, आबांना सॅल्यूट. मेडल नीट बघा. संग्राम मेडल तर त्या वेळी लई जणांना मिळालं, पण ताऱ्याच्या आकाराचं असंल तर पूर्वी स्टार का पश्चिमी स्टार ते बघा. पूर्वी स्टार, म्हणजे पूर्वेकडचा, असंल तर आबा आताच्या बांगलादेशाकडं होते. डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळतं ते) पलटण लिहिलेली असते. १ मराठा असंल तर बांगलादेशातलं जमालपूर, ११ डिसेंबर १९७१ ला पडलं, लई मोठी लढाई. बुक सापडलं नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा करायचा ते सांगतील.

औसेकर:
माहिती मिळो न मिळो, वह्यांचं आधी लिहा, त्यात माणूस दिसतो. आमचे बाबा पण फौजी. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा पेन्शनीत होते, पहाटंच निघाले, मातीच्या भिंतीखालून माणसं काढायला कुठं हात घालायचा ते पोरांना दाखवत होते, आठ दिवस घरी आले नाहीत. ह्याच्यासाठी मेडल नाही मिळत, गावाला मात्र तेच आठवतं. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, शाळेत झेंड्याला बोलवायचे का, पोरांना भरतीची तयारी करून घ्यायचे का, असलं लई निघंल.

जिंतूरची_नात:
दादा, काका, आत्ताच पेटी उघडली. पूर्वी स्टारच आहे! बुकाची पानं चिकटलीत, उद्या उजेडात सावकाश सोडवते. आज्जीला दाखवलं तर म्हणली, तवा तीन महिने पत्र नव्हतं आलं. ते पण लिहिणार. अन् भरतीचं खरंच हाय, गावातली चार पोरं आबांनीच पळवून तयार केलीत, उद्या त्यांना फोन लावते.