आईला घेऊन काशीला जायचंय, पाच दिवस आहेत. आपल्या माणसांची काशी कशी बघावी? सल्ला हवाय

मुठेकाठची:
नमस्कार मंडळी. या कार्तिकात आईला घेऊन काशीला जायचं नक्की करतेय. आई ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात पण थांबत थांबत पायऱ्या चढते. आमच्या नारायण पेठेतल्या घरी देवघरात आजीने, म्हणजे आईच्या सासूबाईंनी, आणलेला गंगेचा गडू आहे, तांब्याचा, मुठीत मावेल एवढा, तोंड डाख देऊन बंद केलेलं. आई दर सोमवारी तो चिंचेने घासते, अंग लख्ख होतं पण जोडापाशी बोट पोचत नाही म्हणून तिथे हिरवी रेघ राहिलीय. लग्न झाल्यापासून तो घासतेय आणि स्वतः मात्र गेली नाही, आधी आमच्या शाळा, मग बाबांचं आजारपण. काशीस जावे नित्य वदावे म्हणतात ते तिने पन्नास वर्षं केलं.

एका टूरवाल्याने प्रयाग, अयोध्या, काशी मिळून चार दिवस असं सांगितलं, काशीला फक्त एक मुक्काम. ते मला नकोय. तिला घाटावर निवांत बसू द्यायचंय. राहायचं कुठे, दर्शन कसं करायचं, आणि मराठी माणसाने तिथे आवर्जून काय बघावं ते सांगा. त्रिपुरी पौर्णिमेला जावं का? फोटो बघून आईला फार वाटतंय.

कसबाकर:
ताई, टूरवाल्याला नाही म्हणालात ते उत्तम केलंत. मी तीनदा जाऊन आलोय, एकदा वडिलांच्या अस्थी घेऊन, दोनदा नुसतं राहायला. माझं एकच सांगणं, पहिल्याच दिवशी देवळाच्या रांगेत उभं राहू नका, आधी नावेत बसा. पहाटे अस्सी घाटावरून, मोटरची नको, वल्ह्याची घ्या, आणि नावाड्याला सांगा पंचगंगा घाटापर्यंत हळू न्यायचं. गंगा तिथे उत्तरेकडे वाहते आणि सगळं गाव एकाच काठावर, समोर नुसती वाळू, त्यामुळे सूर्य उगवला की पहिला उजेड सरळ घाटांच्या भिंतींवर येतो.

आता त्या भिंती वाचत जा. अस्सीजवळच भदैनीला झाशीच्या राणीचं जन्मस्थान, मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजीअप्पांच्या पदरी होते आणि ते काशीला राहायचे म्हणून मनूचा जन्म तिथला, मणिकर्णिका हे नावही तिथलंच. पुढे राजा घाट, तो अमृतराव पेशव्यांचा. मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांचे दिवाण श्रीधर नारायण मुन्शी यांचा. मग अहिल्याबाई घाट आणि त्याला लागून दशाश्वमेध, हा दगडी बांधला नानासाहेब पेशव्यांनी. मणिकर्णिकेच्या पुढे शिंदे घाट, दौलतराव शिंद्यांच्या बायजाबाईंनी बांधलेला, इतका भारी की स्वतःच्याच वजनाने खचला, शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ तिरकं झालेलं दिसेल. मग भोसले घाट, गणेश घाट, जटार घाट. नावं ऐकताना पेठेतल्या वाड्यांच्या पाट्या वाचतोय असं वाटतं. मणिकर्णिकेसमोरून जाताना कॅमेरा मात्र खाली ठेवा, तिथे कोणाचं तरी माणूस गेलेलं असतं.

आणि पंचगंगा. तिथे अहिल्याबाईंनी उभारलेली दगडी दीपमाळ आहे, अगदी आपल्याकडच्या देवळात असते तशी. त्रिपुरीला ती पेटते. नाथमहाराजांनी भागवतावरची टीका काशीतच पुरी केली, १५७३ साली, आणि दिवस कोणता, तर हीच कार्तिकी पौर्णिमा. म्हणून मी म्हणेन पौर्णिमेलाच जा.

भटकी_सुमा:
कसबाकर, तुमचं सगळं पटलं, पण पौर्णिमेचं नाही. मी सासूबाईंना घेऊन त्या रात्री गेले होते. आधी एक सांगते, त्याला तिकडे देव दीपावली म्हणतात, आपली देवदिवाळी मार्गशीर्ष प्रतिपदेला, त्यामुळे तारखेत गोंधळ होतो, आमच्या एका नातेवाइकांनी तसं चुकीचं बुकिंग केलं होतं. तर त्या रात्री दिवे अप्रतिम असतात, खोटं कशाला बोलू, पण दुपारपासूनच रस्ते बंद, रिक्षा मिळेना, नावेवाल्याने ठरलेल्या पैशांच्या तिप्पट मागितले आणि परत येताना गर्दीत सासूबाईंची चप्पल गेली, त्या अनवाणी रूमवर आल्या. ७४ वर्षांच्या माणसाला, तेही गुडघे दुखणाऱ्या, मी तरी नेणार नाही.

त्याऐवजी आधी जा. भाऊबीज झाली की लगेच छठ असते, षष्ठीला संध्याकाळी आणि सप्तमीला पहाटे घाटावर पाय ठेवायला जागा नसते, ते दोन दिवस सोडा. अष्टमीला पोचा आणि त्रयोदशीला निघा. यात तुमचं काही हुकणार नाही कारण पंचगंगेवर आकाशदीप पूर्ण कार्तिकभर लावतात, उंच बांबूच्या टोकाला वेताच्या टोपलीत दिवा ठेवून दोरीने वर चढवतात, पितरांना वाट दिसावी म्हणून. त्यांचा कार्तिक कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होतो. अंधार पडताना नावेतून बघा, एकेक टोपली वर जाताना दिसते. दिवाळीत आपण आकाशकंदील टांगतो त्यामागची गोष्ट मला तिथे पहिल्यांदा कळली.

राहायचं म्हणाल तर अस्सीच्या बाजूला. गोदौलियाच्या गल्ल्या मला फार आवडतात, पण तिथे गाडी आत येत नाही, बॅगा घेऊन चालावं लागतं. अस्सीला गाडी जवळपर्यंत जाते, आणि पहाटे घाटावर सुबह-ए-बनारस असतं, आरती, मग कोणीतरी राग गातं. आई तिथेच बसतील बघा. विश्वनाथाला रस्त्याच्या बाजूने जा, गंगेकडच्या दाराला बऱ्याच पायऱ्या आहेत. मोबाइल, पर्स काही आत नेता येत नाही, रूमवर ठेवूनच निघा. देवस्थानाचं सुगम दर्शनाचं तिकीट मिळतं ते घ्या, यात कमीपणा काही नाही. श्रावण असता तर जाऊच नका म्हटलं असतं.

पुणे_३०:
ट्रेनने जायचं असेल तर पुण्याहून ज्ञानगंगा आहे, आठवड्यातून एकदाच, त्यामुळे दिवस आधी जुळवा. बनारस स्टेशनला उतरायचं, जुनं नाव मंडुआडीह. आईंना खालचा बर्थ. येताना विमान असेल तर गडू हातातल्या बॅगेत ठेवू नका, आमचा बंद गडू आत काय आहे दिसत नाही म्हणून सिक्युरिटीला अडवला आणि शेवटी तिथेच सोडावा लागला. बायको अजून हळहळते. चेक-इनला द्या.

कसबाकर:
सुमाताई, चप्पल गेल्याचं वाचलं, बरोबर आहे तुमचं. मी एकटा होतो म्हणून मला चाललं, आईंना घेऊन आधीच जाणं चांगलं. आणि तुमच्या दिवसांत एक सोनं लपलंय बघा, कार्तिकी एकादशी येतेय. त्या दिवशी आईंना पंचगंगेच्या बिंदुमाधवाला न्या. जुनं देऊळ औरंगजेबाने पाडलं, आत्ताचं औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, बाहेरून वाड्यासारखं दिसतं, शोधावं लागतं. पंढरपूर नाही तर माधव, एकादशी पावली. नावेने गेलात तर पायऱ्या खूप चढाव्या लागतात म्हणून वरून गल्लीने जा, ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या बाजूने. हीच मराठी वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली घरं आहेत, मराठी बोलतात, मधेच बनारसी हेल येतो. हिंदी पत्रकारितेतले थोर संपादक बाबूराव विष्णू पराडकर याच काशीकर मराठी माणसांपैकी. आणि तिथूनच जवळ बालाजीचं देऊळ, जिथे बिस्मिल्ला खाँ लहानपणापासून सनईचा रियाज करायचे. मी तिथे पायरीवर अर्धा तास बसलो होतो, काही ऐकू येत नव्हतं, खालून नावेचा आवाज तेवढा.

गागाभट्टांचं घराणंही पैठणहून तिकडे गेलेलं. त्यांचे पूर्वज नारायणभट्ट यांनी सोळाव्या शतकात विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं. ते १६६९ मध्ये पाडलं, आणि आत्ताचं अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलं, शिखरावरचं सोनं महाराजा रणजितसिंहांचं. आईंना रांगेत हे सांगा, उभं राहण्याचा त्रास जाणवणार नाही.

भटकी_सुमा:
खाण्याचं राहिलंच. थंडी पडायला लागली असेल तर सकाळी मलइयो मिळतं. आटवलेलं दूध रात्रभर दवात ठेवतात, पहाटे घुसळून नुसता फेस काढतात, केशर घालून कुल्हडमध्ये देतात. तोंडात ठेवलं की नाहीसं होतं, चमचा रिकामाच आला की काय असं वाटतं. दात नसलेल्यांनाही चालतं. उन्हं वर आली की संपलं, म्हणून आठच्या आत जा.

मुठेकाठची:
सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. पौर्णिमा रद्द, अष्टमी ते त्रयोदशी ठरलं. बिंदुमाधवाचं ऐकून ती गप्प झाली आणि मग म्हणाली, एकादशीला तिथे असेन तर उपास निर्जळी करीन, त्यावरून आमचं थोडं वाजलं, फराळावर मिटलं. काशीत आवडती वस्तू सोडायची असते ना, आजीने फणस सोडला होता, परत कधी तोंडात घातला नाही. आई काय सोडणार ते सांगत नाहीये.

कसबाकर दादा, एक विचारायचंय. आजीचा गडू तसाच ठेवायचा असं आई म्हणते, दुसरा तिला स्वतःच्या हाताने भरायचाय. घाटावर बंद केलेले तयार मिळतात म्हणे. ते घ्यावेत का? आणि आल्यावर मावंदं घालायचंच आहे, गंगापूजनाला गडू बंदच लागतो का?

कसबाकर:
तयार अजिबात घेऊ नका. तिकडे ठठेरी बाजार आहे, तांब्यापितळेची जुनी बाजारपेठ, पण तुम्ही पुण्यातच तांबट आळीतून रिकामा घेऊन जा, आमच्या आजोबांचं हेच काम होतं म्हणून सांगतो. पाणी काठावरचं नको, नाव मधल्या धारेत नेऊन आईंच्या हाताने भरा. काठोकाठ भरू नका, दोन बोटं रिकामं ठेवा, तोंडाला पाणी लागलं की डाख धरत नाही. तिथे घाईत डाख देतात आणि मग घरी येईपर्यंत पाझरतो. बूच लावून वर मेणकापड बांधून आणा, इथे आल्यावर आळीत नीट बंद करून घेऊ, मी येतो बरोबर. मावंद्याच्या आदल्या दिवशी नको, दोनतीन दिवस आधी या, म्हणजे उलटा ठेवून बघता येईल.