झाडीपट्टीच्या हंगामात वाद्यं सुखरूप कशी न्यावीत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सिंदेवाही तालुक्यातला, तबला वाजवतो. वडशाच्या एका नाटक कंपनीत संगीताची बाजू आम्ही चौघं सांभाळतो. एकाकडे ऑर्गन, माझ्याकडे तबला-डग्गा आणि ढोलकी, तिसऱ्याकडे ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचं विजेवरचं तालवाद्य) आणि चौथ्याकडे कीबोर्ड.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळी झाली की गावोगावी मंडई (गावची जत्रा) भरते, पुढे शंकरपट (बैलांच्या शर्यती) लागतात, आणि त्या रात्री गावात नाटक असतंच. पडदा रात्री दहाच्या पुढे उघडतो आणि खेळ संपेस्तोवर उजाडायला येतं. आम्ही तिथंच सामान बांधतो, पिकअपमध्ये टाकतो, दुपारपर्यंत पुढचं गाव गाठतो. भर हंगामात असे आठ-आठ दिवस सलग जातात, घरचं तोंड दिसत नाही. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे सरांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या रंगभूमीबद्दल खूप लिहून आलं, मनापासून आनंद झाला. पण या रंगभूमीची वाद्यं एका गावातून दुसऱ्या गावात कशी पोचतात, त्यावर कुठेच दोन ओळी सापडत नाहीत. म्हणून इथे विचारतोय.

मागच्या हंगामात आमचं दोनदा नुकसान झालं.

पहिलं डग्ग्याचं. पहाटे चारला खेळ संपला, सगळे झोपेला आलेले. अंधारात कुणीतरी माइकचे स्टँड डग्ग्याच्या पिशवीवर टाकले. वैनगंगेचा पूल ओलांडून चहाला थांबलो, सहज पिशवीवर हात ठेवला तर बोट आत गेलं. स्टँडच्या पायाची रबरी टोपी पडलेली होती, त्या उघड्या नळीनं पुडी (वरचं चामडं) शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, काठाला फाडली होती. बोटभर चीर. त्या रात्रीचा प्रयोग गावातल्या भजनी मंडळाचा डग्गा मागून काढला. त्यांनी आनंदानं दिला, पण दुसऱ्याचा डग्गा हाताला लागत नाही, रात्रभर घुमारा जमला नाही.

दुसरं ऑक्टोपॅडचं. कीबोर्डचा अडॅप्टर 12 व्होल्टचा, ऑक्टोपॅडचा 9 चा. दोन्ही काळे, दोन्हीची पिन सारखीच बसते, पण आतला प्लस-मायनस उलटा. बॅटरीच्या उजेडात अदलाबदल झाली. ऑक्टोपॅडवाल्या पोराचे हंगामाचे निम्मे पैसे दुरुस्तीत गेले. तो पोरगा दोन दिवस जेवला नाही, हे मी पाहिलं आहे. वाद्यं आमची स्वतःची असतात, कंपनीची नाहीत. मोडलं तर आमचं मोडतं.

आता हंगाम तोंडावर आलाय. चौघांनी मिळून पंधरा हजार काढून ठेवले आहेत. मला खरं विचारायचं आहे ते असं. तबल्याला पत्र्याची ट्रंक वापरून पाहिली, पण पहाटे उघडली की झाकणाला आतून पाणी आणि पुडी ओली सादळलेली. मग लाकडी पेटी करावी का, आणि कोणत्या जाडीची? पौष-माघात दव इतकं पडतं की खेळाच्या मध्यात तबला अर्धा सूर खाली येतो, गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून ठोकून वादी (चामड्याची पट्टी) ताणली जाते. यावर काही उपाय आहे का? ऑर्गनमध्ये तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) भुसा जातो (आम्ही मंचासमोर खाली, तणसावर चटई टाकून बसतो), त्याचं काय करायचं? आणि पिकअपमध्ये काय आधी भरायचं, काय नंतर? आम्ही रोज वेगळं भरतो, आणि माझ्या मते सगळ्याची मुळं तिथेच आहेत.

— झाडीचा तबलजी

प्रतिसाद : साकोलीचा साऊंडवाला

भाऊ, मूळ तुम्हीच ओळखलं. रोज वेगळं भरणं बंद करा. पिकअपच्या तळाला खडूनं जागा आखा, नंतर तिथंच ऑइलपेंट मारा. ऑर्गन कुठे, तबला कुठे, स्टँड कुठे. जागा रिकामी दिसली की वस्तू राहिली हे झोपेतही कळतं. आम्ही मागच्या गावी विसरलेल्या वायरी आणायला पन्नास-पन्नास किलोमीटर मागे गेलो आहोत, हे केल्यापासून नाही गेलो.

भरताना एक लक्षात ठेवा, मागच्या चाकांच्या मागचा भाग सगळ्यात जास्त उसळतो. तिथं स्टँड, चटया, वायरींची पेटी. केबिनला टेकून ऑर्गन उभा, त्याच्या बाजूला तबला. स्टँड कधीही पिशवीत मोकळे नाहीत. पीव्हीसीचा सहा इंची पाइप घ्या, एका तोंडाला टोपी चिकटवा, स्टँड त्यात सरकवा. नळी कुणाला टोचणार नाही.

बांधायला दोरी नको. सायकलच्या जुन्या ट्यूबा उभ्या चिरून पट्टे करा. धक्का बसला तर थोडं ताणतं आणि परत येतं, दोरी एकदा सैल झाली की झाली. पंक्चरवाला फुकट देतो. त्याच ट्यूबचे आडवे काप म्हणजे वायरीला घालायच्या चकत्या. आणि वायर कोपरावर गुंडाळू नका, आतली तार पिळ खाऊन तुटते. एक वेढा सरळ, एक वेढा उलटा, असं हातात घ्या. फेकली की न गुंतता सुटते.

वीज हा वेगळा विषय आहे, पण ऑक्टोपॅडवरून सांगतोच. मंडईच्या मंचाला बऱ्याचदा तीन फेजची लाइन ओढलेली असते. न्यूट्रल सैल असला की तुमच्या बोर्डावर 230 च्या जागी साडेतीनशेही येऊ शकतात, कारण दोन फेजमध्ये 415 व्होल्ट असतात. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. बोर्डात आधी तो, मग अडॅप्टर. जनरेटर असेल तर चालू झाल्यावर स्थिर होऊ द्या, तोवर प्लग हातातच ठेवा.

प्रतिसाद : खंजेरी, तिवसा तालुका

जय गुरू. आम्ही मोझरीच्या बाजूचे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरी भजनाचे. पुण्यतिथीच्या सोहळ्यापासून आमचीही थंडीतली फिरस्ती सुरू होते, म्हणून दवाचं दुखणं पुरतं ओळखून आहे.

ट्रंकेत पाणी साचतं कारण पत्रा रात्री लवकर थंड होतो आणि आतली ओल त्यावर येऊन बसते. पत्रा वाईट नाही, आतून नागडा असला की वाईट. पण नवीन करायचंच असेल तर 9 मिलिमीटरचा प्लाय, कोपऱ्यांना ॲल्युमिनियमची पट्टी. आत फोम घट्ट घ्या. गादीचा मऊ फोम दाबून पाहिला की छान वाटतो, पण खड्ड्यात डग्गा थेट तळाला आपटतो. डग्ग्याच्या मापाचं गोल भोक कापून घ्या, आणि चुंबळ त्याच भोकात खाली राहू द्या.

फोमवर थेट वाद्य ठेवू नका. आईच्या जुन्या सुती लुगड्याची वाकळ गुंडाळा. सुती कापड ओल पितं, प्लास्टिक कोंडून ठेवतं. ताडपत्री गाडीच्या वरच्या दांड्यांवर हवी, वाद्यांना टेकलेली नको.

सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांची पुडी पेटीत ठेवा. गुलाबी झाले की ओल भरली असं समजायचं, तव्यावर मंद शेकले की परत निळे होतात. तवा मात्र वेगळा, भाकरीचा नको, त्या निळ्या रंगात विषारी द्रव्य असतं.

आम्ही खंजेरी शेकोटीवर धरतो, ते पाहून तबला धरू नका. शाई तडकते. तुमच्या बाजूला एक जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा बल्ब हातभर अंतरावर, जमिनीलगत लावा. तेवढ्या उबेनं पुडी सादळत नाही. आणि दोन तबले न्या, एक वाकळीत गुंडाळलेला. मध्यंतरात बदलायचा.

प्रतिसाद : पेटीदुरुस्ती, नागभीड

ऑर्गनवाल्या दादांना माझा निरोप द्या. तणसाचा बारीक कण सुराच्या पितळी जिभेखाली गेला की तो सूर एकतर मुका होतो, नाहीतर भिरभिरतो. मग लोक सुई घालतात, जीभ वाकते, सूर बेसूर होतो आणि वाद्य माझ्याकडे येतं. सुई नको. वहीच्या कागदाची पातळ पट्टी जिभेखालून हळूच ओढायची, कण कागदाबरोबर निघून येतो.

त्याआधी कण जाऊच नये म्हणून बसायची जागा बदला. तणसावर चटई टाकली तरी पायडल मारताना भात्याच्या हवेनं चटईच्या कडेचा भुसा उडत राहतो. ऑर्गनखाली दोन बाय तीनचा प्लायचा तुकडा ठेवा, भोवती हातभर जागा ओलं पोतं टाकून झाकून घ्या. नेताना पट्ट्यांवर फडकं, मग झाकण, मग वरून जाड खोळ. भाता दाबून बंद करूनच उचला, आणि आडवा झोपवू नका.

पुन्हा मूळ प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री चौघांना बसवून सगळं वाचून दाखवलं. ऑर्गनवाले काका साठीच्या पुढचे आहेत, कागदाच्या पट्टीचं ऐकून म्हणाले, "हव जी, माझा बापबी असाच करे." तीस वर्षांत त्यांनी हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

प्लायची पेटी गावातल्याच सुताराला सांगितली. डग्ग्याचं माप घ्यायला गेलो तर तो म्हणाला, झाकण बिजागरीचं नको, पूर्ण निघणारं कर, म्हणजे खेळाच्या वेळी तेच उलटं ठेवून त्यावर वाकळ आणि दुसरा तबला ठेवता येईल. मला पटलं.

अडॅप्टरचं आम्ही आमच्या परीनं सोडवलं. रंगाची टेप अंधारात दिसत नाही, म्हणून वायरीला पिनपाशी जाड सुताच्या गाठी मारल्या. कीबोर्डला एक, ऑक्टोपॅडला दोन. वाद्याच्या भोकाशेजारी फेविक्विकनं तेवढेच मुगाचे दाणे चिकटवले. डोळे मिटूनही बोटाला कळतं. पोरानं काल पंचवीस वेळा लावून पाहिलं, एकदाही चुकला नाही.

एक राहिलं. पिकअपचा ड्रायव्हर दर आठवड्याला बदलतो आणि गाडीही. तळाला ऑइलपेंट मारू देणार नाहीत. साकोलीच्या भाऊ, अशा वेळी काय करता?

प्रतिसाद : साकोलीचा साऊंडवाला

जुन्या फ्लेक्सच्या बॅनरची मागची पांढरी बाजू घ्या. मंडईनंतर गावात ढीग पडलेला असतो. पिकअपच्या हौद्याच्या मापाचा कापा आणि जागा त्यावर आखा. गाडी बदलली की बॅनर गुंडाळून दुसऱ्या गाडीत अंथरायचा. कडेला भोकं पाडून ट्यूबच्या पट्ट्यानं हुकांना बांधा, नाहीतर सामानाखाली सरकतो. मुगाच्या दाण्यांचं मी आमच्या मिक्सरवर आजच करतो.