आईला न्यूरोलॉजिस्टकडे न्यायचंय, आधी काय तयारी करू?

कोयनाकाठ:
मंडळी, पुढच्या गुरुवारी आईला पुण्यात न्यूरोलॉजिस्टकडे न्यायचंय. वय ७१. ती कराडजवळच्या गावी एकटी राहते, मी पुण्यात. वर्षभरापासून तिच्या हालचाली मंदावल्यात. हात मांडीवर ठेवले की बोटं थरथरतात आणि भाकरी थापायला घेतली की थांबतात. चालताना पाय घासतात.

मागे एका डॉक्टरांकडे नेलं होतं. आत गेल्या गेल्या आई म्हणाली, "काही नाही हो डॉक्टर, वय झालं आता." त्यांनी बीपी बघितलं, टॉनिक लिहून दिलं, दहा मिनिटांत आम्ही बाहेर. तिला चक्कर येते हे सांगायचं राहिलं, ते मला रिक्षात बसल्यावर आठवलं. रात्री झोप लागली नाही मला. पुन्हा तसं व्हायला नको.

मुख्य अडचण गोळ्यांची आहे. आईच्या गोळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात. मेडिकलवाला पाकीट कात्रीने कापून चार-चार, सहा-सहा गोळ्या देतो, त्यात नाव कापलं जातं. एका तुकड्यावर नुसतं '२५' उरलंय. आई रंगावरून आणि डब्यातल्या जागेवरून ओळखते. मी यादी करायला बसले आणि दोन गोळ्यांपुढे गाडी जाईना.

खलबत्ता:
ताई, मी सांगलीत तीस वर्षं मेडिकल चालवलं. रंगावरून अजिबात ठरवू नका. एकाच औषधाची गोळी वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या रंगात काढतात, आणि '२५' हा आकडा कितीतरी औषधांवर असतो. सरळ त्या मेडिकलवाल्याला भेटा आणि बिलं मागा. बिलावर नाव, बॅच नंबर, मुदत सगळं असतं. बिल नसेल तर अख्खं पाकीट दाखवायला सांगा आणि फोटो काढा. पुढच्या वेळी तुकडा घेतलाच तर नाव असलेल्या बाजूचा मागून घ्या.

यादी केलीत तरी डबा जसाच्या तसा घेऊन जा. गुडघेदुखीची गोळी, झोपेची गोळी, वैद्यांचं चूर्ण, शेजारणीने दिलेली गोळी, सगळं त्यात हवं. माणसं 'औषध' म्हटलं की फक्त बीपी-शुगरच्या गोळ्या सांगतात. प्रत्येकीपुढे एकच गोष्ट लिहा: कधीपासून. तारीख आठवत नसेल तर 'दिवाळीनंतर', 'अमक्याच्या लग्नाच्या आधी' असं लिहिलं तरी पुष्कळ.

पायवाट:
माझ्या वडिलांना कंपवात (पार्किन्सन) आहे, सात वर्षं झाली. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग मोबाईलवरच्या व्हिडिओचा झाला. दवाखान्यात माणूस ताठ होतो, चार पावलं नीट टाकतो. घरी काढा: ओसरीवरून चालताना, मागे वळताना, खुर्चीतून उठताना, हुक लावताना. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे पुरेत. आईंना विचारून काढा हं, चोरून नको.

अक्षर बघा, कंपवातात ते बारीक होत जातं. जुनं आणि आत्ताचं शेजारी ठेवा. आणि तीन गोष्टी आईंना एकांतात विचारा, कारण त्या आपणहून कोणी सांगत नाही: पोट साफ होतं का, झोपेत हातपाय झाडतात का, आणि वास ओळखता येतो का. उत्तर 'हो' असो की 'नाही', दोन्ही लिहा. एमआरआय झाला असेल तर नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी पण न्या.

कोयनाकाठ:
काल गावी आले. खलबत्ता काका, तुमच्या सांगण्यामुळे मेडिकलमध्ये गेले. '२५'वाली गोळी सिनारिझिन निघाली. चक्करेसाठी गावातल्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांची लिहून दिली होती. आईला बरं वाटलं म्हणून ती आणतच राहिली, गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून. दिवसातून तीन वेळा.

अक्षराचंही सांगते. आई बचत गटाचा हिशेब लिहायची. २०१९ची वही काढली: टपोरं अक्षर, एका ओळीत सहा-सात शब्द. यंदाच्या वहीत ओळ सुरू होते तेव्हा बरं आहे, पुढे पुढे बारीक होत जातं, शेवटचे आकडे मला चष्मा लावून वाचावे लागले. मी वही मांडीवर घेऊन बसूनच राहिले. आई म्हणाली, "पेन चांगलं नव्हतं."

वास मात्र येतो. दूध लागलं की ओसरीतून ओळखते.

रात्रपाळी:
मी मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. ताई, सिनारिझिनचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा, तारखेसकट, आणि बसल्या बसल्या पहिलं तेच सांगा. चक्करेवरची ही जुनी, नेहमीची गोळी आहे. पण वयस्कर माणसाने महिनोन् महिने घेतली तर काही जणांमध्ये हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येतात: मंदपणा, थरथर, पाय घासणं. गोळी बंद केल्यावर बरेचदा ती कमी होतात, पण महिने लागू शकतात. आईंचं तेच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर तपासून ठरवतील. गोळी मनाने बंद करू नका, गुरुवारची वाटही बघू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा.

चक्कर उठताना येते की बसल्या जागी, हेही बघा. घरी मशीन असेल तर पडून पाच मिनिटांनी बीपी घ्या, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. उभं करताना जवळ थांबा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर तीनही आकडे वेळेसकट लिहा.

आणि एक विनंती. दवाखान्यात आईंच्या ऐवजी तुम्हीच सगळं बोलू नका. त्यांचा स्वतःचा प्रश्न काय आहे ते आधी विचारा.

कोयनाकाठ:
सिस्टर, डॉक्टरांशी फोनवर बोलले. त्यांनी गोळी आजपासून थांबवायला सांगितली. बीपी पडून १३८, उभं राहून एक मिनिटाने ११६, तीन मिनिटांनी ११२. लिहून ठेवलंय.

रात्री आईला विचारलं, तुला काय विचारायचंय डॉक्टरांना? बराच वेळ गप्प होती. मग यादीचा कागद माझ्याकडून घेतला आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: 'रात्री परसात जाताना भिंत धरावी लागते. पडेन का?' मी इतके दिवस तिच्याशी रोज फोनवर बोलते, हे मला माहीत नव्हतं. तो कागद तसाच नेणार आहे, टाईप करणार नाही.