५ जूनचे वृक्षारोपण आणि आपली टेकडी : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. जागतिक पर्यावरण दिनी, म्हणजे ५ जून रोजी, सोसायटीमागच्या वेताळ टेकडीवर शंभर रोपे लावावीत असा प्रस्ताव कार्यकारिणीसमोर आला आहे. रोपे, खड्डे आणि अल्पोपाहार यांचा खर्च सांस्कृतिक निधीतून करण्याची कार्यकारिणीची तयारी आहे. तथापि हा निर्णय सर्वांच्या विचाराने व्हावा, म्हणून विषय येथे मांडत आहे. कृपया या विषयापुरतेच लिहावे.

ब-५०२ : सचिव महोदय, टेकडीसाठी सोसायटीने काही करावे असे वाटले याचा मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच थोडे सविस्तर लिहिते. आपण टेकडीसाठी काम जरूर करावे, परंतु ते एका सकाळचे वृक्षारोपण नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली अडचण तारखेची आहे. पुण्यात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि टेकडीवरचा मुरूम आतपर्यंत भिजायला त्यानंतरही काही दिवस जातात. त्यामुळे ५ जूनला लावलेले रोप तापलेल्या कोरड्या खड्ड्यात जाते. चांगले दोन-तीन पाऊस झाल्यावर लावलेले रोप पावसाळा संपेपर्यंत मूळ धरू शकते. खरी परीक्षा मात्र पुढेच असते. वर्षभराचा सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडून जातो आणि काळ्या कातळावरच्या वीतभर मातीत त्यानंतर ओल टिकत नाही. शंभर रोपांना आठवड्यातून एकदा पाच लिटर पाणी द्यायचे म्हटले, तरी दर आठवड्याला पाचशे लिटर पाणी आपल्याला टेकडीवर चढवावे लागेल, आणि हे किमान दोन-तीन उन्हाळे करावे लागेल. त्याची तयारी नसेल, तर रोपे लावू नयेत.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. टेकडीचा जो उतार आपल्याला उजाड वाटतो, तो उजाड नाही. कुसळीसारखी गवते, बोरी-हिवरासारखी काटेरी झाडेझुडपे आणि मधूनमधून मेडशिंगी, सालई, पांगारा, पळस, वावळ अशी विरळ उभी असलेली झाडे, हेच या कोरड्या टेकड्यांचे मूळ रूप आहे. उन्हाळ्यात ते वाळून पिवळे पडते, म्हणून मेले असे नव्हे. टिटवी आणि रातवा उघड्या जमिनीवर अंडी घालतात, तित्तर गवताच्या आडोशाला घरटे करतो, आणि मे-जूनमध्ये आपण कुदळी घेऊन जिथे जाणार, नेमक्या तिथेच ती अंडी असू शकतात. गवताच्या माळावर सरसकट खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे एका नांदत्या घरात दुसरे बिऱ्हाड घुसवण्यासारखे आहे.

मग टेकडीला खरा त्रास कशाचा होतो, हे पाहू. सुबाभळीची रोपे दरवर्षी शेकड्यांनी उगवतात आणि वाढू दिली तर बाकी काही उगवू देत नाहीत. घाणेरीची जाळी पायवाटांच्या कडेने पसरत चालली आहे. फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या गवताला आगी लागतात. त्यांत गवताबरोबर दोन-तीन वर्षांची स्थानिक रोपेही जळतात आणि आगीनंतर पुन्हा फुटून वर येणाऱ्या तणांचेच फावते. फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, खाऊची वेष्टने, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले निर्माल्य हे सर्व सर्वांना दिसते. दुःख याचे वाटते, की आधीच्या वृक्षारोपणांमधून मागे राहिलेल्या रोपांच्या काळ्या पिशव्याही त्या कचऱ्यात सापडतात.

माझी सूचना अशी आहे : कचरा उचलणे आत्तापासून, सुबाभळीची लहान रोपे उपटणे पावसाळ्यात, घाणेरी काढणे पावसाळा संपता संपता, पाणी देणे आणि आगीवर लक्ष ठेवणे हिवाळ्यापासून पुढच्या पावसापर्यंत. यांपैकी जे ज्याला झेपेल ते त्याने करावे. मात्र वन विभाग आणि महापालिकेचा उद्यान विभाग यांना कळवून, त्यांची लेखी संमती घेऊनच करावे, कारण या टेकडीची जमीन एकाच मालकीची नाही.

अ-१०३ : ताई, तुमचा अभ्यास दिसतो, पण एक गोष्ट मला नम्रपणे मांडायची आहे. मी १९८०च्या दशकापासून या भागात राहतो. त्या काळी हा उतार उन्हाळ्यात बोडका दिसत असे. आज आम्ही ज्येष्ठ नागरिक सकाळी ज्या सावलीतून चालतो ती सावली गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) आहे. माघ-फाल्गुनात ती झाडे गुलाबी फुलांनी भरतात तेव्हा डोळे निवतात. सुबाभळीप्रमाणे परदेशी म्हणून उद्या त्या झाडांनाही उपटायला निघणे मला योग्य वाटत नाही. उद्या ती तोडली आणि नवीन जगली नाहीत, तर आमच्या हाती काय राहील?

ब-५०२ : काका, गिरिपुष्प तोडावे असे मी म्हणत नाही, आणि तसे करता येणारही नाही. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडे तोडण्यासाठी १९७५च्या वृक्ष संरक्षण अधिनियमानुसार परवानगी लागते, तर वनजमिनीवर वन कायदा लागू होतो. तुमची भीतीही रास्त आहे. एकदम मोकळी केलेली जमीन घाणेरीच्याच हाती जाते.

मात्र गिरिपुष्पाविषयी थोडे सांगायला हवे. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. शेताच्या बांधावर ते उपयोगी आहे, कारण त्याचा पाला उत्तम हिरवळीचे खत होतो. टेकड्यांवर त्याची निवड झाली, कारण फांदी रोवली तरी ते जगते, झपाट्याने वाढते आणि आपल्याकडची गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. बोडक्या उतारावर लवकर हिरवळ आणण्याचा तो एक मार्ग होता. परंतु आज त्या राईत थोडे थांबून खाली पाहावे : गवत विरळ, झुडपे जवळजवळ नाहीत. ऐन उन्हाळ्यात, म्हणजे सावलीची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा, बरीच झाडे निष्पर्णच असतात. वावळ आणि करंज यांना त्याच काळात कोवळी पालवी असते. म्हणून जिथे गिरिपुष्पाच्या राईत नैसर्गिक मोकळ्या जागा आहेत, तिथे थोडी स्थानिक रोपे जगवावीत, आणि पुढील पंधरा-वीस वर्षांत जागेचा ताबा हळूहळू त्यांच्याकडे जाऊ द्यावा. तुमच्या चालण्याच्या वाटेवरची सावली एक दिवसही कमी होणार नाही.

क-२०४ : मियावाकी पद्धतीचा विचार करता येईल का? आमच्या कार्यालयाच्या आवारात अशी लागवड केली आहे आणि दोन वर्षांत ती डोक्याच्या वर गेली. तितक्याच जागेत कितीतरी अधिक झाडे बसतात.

ड-७०१ : मी या विषयावर लिहू इच्छिते, कारण आम्ही काही वर्षे गुरुग्रामला राहत होतो. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांची पद्धत दाट जंगल घडवण्यासाठी आहे. माती खोल सैल करायची, तिच्यात भरपूर सेंद्रिय भर घालायची आणि रोपे अगदी जवळजवळ लावायची, असे तिचे स्वरूप आहे. कार्यालयाच्या आवारात किंवा भराव टाकलेल्या मोकळ्या भूखंडावर ती शोभेल. गवताळ, खडकाळ उतारावर मात्र आधी तिथले गवत आणि मातीचा पातळ थर खणून काढावा लागेल, आणि एवढी दाट झाडी तिथल्या पावसावर जगणार नाही.

गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यान मी जवळून पाहिले आहे. ती सुमारे ३८० एकर जागा खाणकामाने उद्ध्वस्त झालेली आणि विलायती बाभळीने व्यापलेली होती. २०१०च्या सुमारास नागरिकांच्या एका गटाने महापालिकेच्या सहकार्याने तिथे काम हाती घेतले. अरवलीच्या शिल्लक राहिलेल्या जंगलांतून बिया गोळा करून त्यांनी स्वतःची रोपवाटिका उभी केली, कारण बाजारातल्या रोपवाटिकांमध्ये ती झाडे मिळतच नव्हती. शाळांची मुले, कंपन्यांचे कर्मचारी, आसपासचे रहिवासी असे अनेक जण वर्षानुवर्षे तिथे राबले. २०२२ मध्ये, संरक्षित क्षेत्रांबाहेर जैवविविधता जपणारे देशातील पहिले स्थळ म्हणून त्या उद्यानाला मान्यता मिळाली. तिथे ‘किती झाडे लावली’ यापेक्षा ‘कुठल्या जागी काय असायला हवे’ हा प्रश्न आधी विचारला गेला, आणि म्हणून खडकाळ भागात खडकावरच्याच वनस्पती व गवताच्या जागी गवतच ठेवले गेले.

घाणेरीविषयीही एक सांगते. ती वरून छाटली तर पुन्हा दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली पद्धत सोपी आहे : जिथून धुमारे फुटतात त्या भागाच्या खाली, जमिनीच्या आत मुख्य मूळ कुदळीने तोडायचे, झुडूप उचलून उलटे ठेवायचे आणि तसेच वाळू द्यायचे. त्यानंतर बुलबुलांसारख्या पक्ष्यांच्या विष्ठेतून नवी रोपे उगवतात, त्यामुळे त्या जागेकडे पुढील दोन-तीन पावसाळे लक्ष ठेवावे लागते. शिवाय सगळी जाळी एकाच वर्षी काढू नये, कारण लहान पक्षी आणि ससे सध्या त्याच जाळीच्या आश्रयाने राहतात.

अ-४०३ : मुलांना या कामात घेता येईल का? आमची दोघे उत्सुक आहेत, परंतु सापांची भीती वाटते.

ब-५०२ : अवश्य घ्यावे, फक्त काळजी घ्यावी. टेकडीवर घोणस आणि फुरसे असू शकतात. बंद बूट आणि जाड हातमोजे सर्वांनाच आवश्यक आहेत. दगड उलटू नयेत, आणि न दिसणाऱ्या जागी हात घालू नये. काचा मोठ्यांनी उचलाव्यात.

मुलांसाठी खरे मोलाचे काम बियांचे आहे. वावळाच्या पंख असलेल्या चकत्या एप्रिल-मेमध्ये झाडाखाली पसरतात. पळसपापडी, म्हणजे पळसाचे चपटे बी, मे-जूनमध्ये गोळा करून लगेच पेरावी, कारण ती फार दिवस टिकत नाही. बहाव्याच्या बीचे कवच इतके कठीण असते, की ते खरवडल्याशिवाय बी लवकर रुजत नाही. मुलांना हे काम फार आवडते. एका झाडाखालून मूठभरच बिया घ्याव्यात, बाकी तिथेच राहू द्याव्यात. ही रोपे वर्षभर गच्चीवर वाढवून पुढच्या जुलैमध्ये लावली, तर ती याच टेकडीच्या आईबापांची, याच मातीला सरावलेली असतील. सालई आणि मेडशिंगी यांची गती फार संथ असते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ती निराश होणार नाहीत.

अ-१०३ : ताई, तुमचे स्पष्टीकरण पटले. आम्ही चार-पाच ज्येष्ठ रोज सकाळी वर जातोच. प्रत्येकाने दोन लिटरची एक बाटली नेली, तर उताराच्या मधल्या टप्प्यावरील रोपे उन्हाळ्यात आम्ही जगवू. तसेच धूर दिसला तर अग्निशामक दलाला १०१ क्रमांकावर कळवण्याची जबाबदारीही आम्ही घेतो. गवत वाळण्यापूर्वी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, काढण्याबाबत वन विभागाला पत्र द्यावे, असे मी सुचवतो.

सचिव : सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चेनुसार पुढीलप्रमाणे ठरवत आहे; कोणाचा विरोध असल्यास रविवारपर्यंत कळवावे. ५ जूनचे वृक्षारोपण रद्द करण्यात येत आहे. त्यासाठीचा निधी हातमोजे, विळे, कुदळी, गोणपाटाची पोती आणि रोपवाटिकेचे साहित्य यांवर खर्च करावा. वन विभाग व उद्यान विभाग यांना द्यावयाच्या पत्रांचे मसुदे ब-५०२ यांनी तयार करावेत. जाळरेषेचा मुद्दा त्यांत असावा. संमती येईपर्यंत केवळ कचरा उचलावा, काहीही उपटू वा खणू नये. गोळा झालेला सुका कचरा वेगळा करून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना, त्यांच्याशी आधी बोलून, त्यांना सोयीच्या दिवशी द्यावा; काचा स्वतंत्र पोत्यात भरून तसे लिहावे. रोपवाटिकेसाठी गच्चीवर जागा कुठे करावी, हे कृपया सुचवावे.

ड-७०१ : आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला दुपारनंतर सावली असते आणि नळही जवळ आहे. हिरवी जाळी माझ्याकडे शिल्लक आहे, ती देते. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या सर्वांनी जमवाव्यात, म्हणजे रोपांसाठी नव्या पिशव्या विकत घ्याव्या लागणार नाहीत. मात्र लागवडीच्या वेळी प्रत्येक पिशवी मोजून खाली परत आणावी लागेल. पळसाचे बी मिळण्याचे दिवस थोडेच उरले आहेत, त्यामुळे ज्या मुलांना यायचे आहे त्यांच्या पालकांनी शनिवारपर्यंत मला कळवावे.