चिनी पथ्य, कारलं आणि पोटातले जिवाणू: श्रेय नेमकं कुणाचं?

सांडगे_पापड (धागाकर्ता)

आत्तेभावाला दोन महिन्यांपूर्वी शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ घरात एक डबा आला. वर चिनी अक्षरं, खाली दावा: हजारो वर्षांची आहारचिकित्सा, पोटातले चांगले जिवाणू वाढवते. आत शानयाओ नावाच्या कंदाची पूड (आपल्या कोनफळाचा चुलतभाऊ), यी-मी नावाचं धान्य आणि 'रेड डेट्स'. हे खजूर नव्हेत, बोराच्या जातकुळीतलं वाळवलेलं फळ आहे. डब्यातल्या चिठ्ठीत एका शास्त्रज्ञाचा दाखला होता. खोटा असेल म्हणून शोधायला गेलो, तर माणूस खरा निघाला.

झाओ लिपिंग, त्या काळी शांघाय जिआओ तोंग विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. स्वतःचं वजन वाढलं तेव्हा २००६ मध्ये त्यांनी शानयाओ, कारलं आणि अख्खी धान्यं असा आहार सुरू केला. दोन वर्षांत २० किलो उतरले. आधी त्यांच्या पोटात सापडतही नसलेला फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा चांगल्यांत गणला जाणारा जिवाणू एकूण जिवाणूंच्या १४.५ टक्क्यांवर पोचला. पुढे १७४.८ किलो वजनाच्या एका रुग्णाला याच धर्तीवरचा आहार दिला. २३ आठवड्यांत ५१.४ किलो कमी.

माझं म्हणणं सरळ आहे. हे चोथ्याचं (फायबरचं) काम आहे. जे लहान आतड्यात पचत नाही ते मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि त्यावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. यात यिन-यांग कुठून आलं? राबला चोथा, आणि हार पडले परंपरेच्या गळ्यात.

यांगत्सेकाठची_माई

डब्याबद्दल सहमत. बाकी अजिबात नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी सहा वर्षं चीनमधल्या सूझोऊत होते. घरी कामाला येणाऱ्या बाईंना तिथे 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. पहिल्या दिवशी मला भरूनच आलं होतं, असो. जूनमध्ये तिथे 'मेइयू' लागतो, आलुबुखाराचा पाऊस. भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत. मग आयी लाल कडधान्य आणि यी-मी एकत्र शिजवायच्या. शरीरातला 'दमटपणा' काढायला, असं त्यांचं म्हणणं. गार पाणी प्यायलं की ओरडायच्या.

तुम्ही म्हणाल, दमटपणा वगैरे काही नसतं. नसेल. पण पातेल्यात काय होतं? अख्खं धान्य आणि कडधान्य, दर पावसाळ्यात, न चुकता. डॉक्टर 'फायबर वाढवा' म्हणतात तेव्हा किती जण ऐकतात? आठ दिवस. शी-लियाओ, म्हणजे तिथली आहारचिकित्सा, हा काही डबा नव्हे. कुणी, कधी, काय खायचं याची ती वहिवाट आहे. सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या वैद्याने लिहून ठेवलंय की आधी आहाराने उपचार करावा, त्याने भागलं नाही तरच औषध. आपल्याकडचं पथ्यपाणी वेगळं काय सांगतं?

मी_निमित्तमात्र

हे सगळं आपल्या आयुर्वेदात आधीच होतं. चीनने आपल्याकडूनच नेलं.

सांडगे_पापड

@निमित्तमात्र, दुसरा धागा काढा, तिथे भांडू.

माई, आयींचं पातेलं मान्य. पण त्याच परंपरेत आणखी काय काय आहे ते पाहा. आजाऱ्याला पांढऱ्या तांदळाची पेज, तिथली 'जोऊ'. चोथा जवळजवळ शून्य. बाळंतिणीला गूळपाणी. गाढवाच्या कातड्यापासून बनवलेलं अच्याओ, पाकोळीचं घरटं. हे सगळं पौष्टिक म्हणून खातात. यातलं मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या पानात किती पडतं? झाओंनी त्या परंपरेतून नेमकं काय उचललं? कारलं, कंद, अख्खी धान्यं. म्हणजे निवड केली सूक्ष्मजीवशास्त्राने. शंभर गोष्टींतल्या पाच लागू पडल्या, तर शंभरांच्या यादीला शाबासकी का द्यायची?

पेट्री_डिश

कामच या क्षेत्रात आहे म्हणून लांबण लावतो.

झाओंचं स्वतःचं वजन आणि तो एक रुग्ण, हे पुरावे म्हणून लंगडेच. माणूस जेवण बदलतो तेव्हा तेल, मैदा, जेवायच्या वेळा, सगळंच बदलतं. पण २०१८ चा त्यांचा 'सायन्स' या नियतकालिकातला अभ्यास वाचल्याशिवाय हा वाद अपुरा आहे. टाइप २ मधुमेहाचे ४३ रुग्ण. दोन्ही गटांना अकार्बोज हे औषध. एका गटाला नेहमीचा आहारसल्ला, दुसऱ्याला अख्खी धान्यं, चिनी औषधी अन्नपदार्थ आणि प्रीबायोटिक (चांगल्या जिवाणूंचं खाद्य) असा चोथ्याने भरलेला आहार. दोन्हीकडे उष्मांक जवळपास सारखे, म्हणजे 'कमी खाल्लं म्हणून झालं' ही पळवाट बंद. १२ आठवड्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ७ टक्क्यांच्या खाली आलेले: आहार गटात ८९ टक्के, दुसऱ्यात ५० टक्के. मग रुग्णांची विष्ठा जंतुविरहित उंदरांत सोडली, तर चोथा गटाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांचीही साखर सुधारली.

खरी गंमत पुढे आहे. उपयोगी आम्लं बनवू शकणारे १४१ जिवाणू-प्रकार त्यांना सापडले. चोथा वाढवल्यावर वाढले फक्त १५. काही तर घटले. म्हणजे 'चोथा म्हणजे चोथा' हेही खरं नाही. कुणाला काय घास मिळतो त्यावर कोण माजतं ते ठरतं. धागाकर्त्यांचं सूत्र जरा जास्तच सुटसुटीत आहे.

सांडगे_पापड

घ्या, १५ आणि १४१ वर मी हात टेकले. पण अकार्बोजचं काय? ते औषध पिष्ट पचू देत नाही. न पचलेलं पिष्ट खाली जातं आणि जिवाणू त्यावर ताव मारतात. (ते घेणाऱ्यांना गॅसेस का होतात, ते यावरून कळेल.) म्हणजे दोन्ही गटांच्या जिवाणूंना आधीच एक जादा ताट वाढलं होतं. आणि कारलं-शानयाओ काढून नुसता तेवढाच चोथा दिलेला तिसरा गट कुठाय? तो नसताना 'चिनी औषधी अन्न' हे तीन शब्द फुकट मिरवतायत.

पेट्री_डिश

तिसऱ्या गटाचा मुद्दा बरोबर. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातही 'डाएटरी फायबर्स' आहे, चीन नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याने तेवढं वाचलेलं दिसत नाही.

डॉ_अर्धशिशी

मधुमेहाचे रुग्ण रोज बघते म्हणून मधे पडते. माई, पेट्री_डिश, तुमचं चालू द्या, पण धागाकर्ते, आत्तेभाऊ गोळ्यांबरोबर कारल्याचा रस पितात का ते आधी विचारा. कारल्याने साखर उतरू शकते. काही गोळ्यांबरोबर ती नको इतकी उतरते. घाम फुटला, हात थरथरले तर जिवाणूंवर सोडून देऊ नका. आणि गोळी परस्पर बंद करू नका.

दुसरं, परंपरेच्या बाजूने. चिनी वैद्यकातलं हुआंगलियान हे कडूजहर मूळ जुलाबावर देतात. त्यातलं बर्बेरिन आपल्या दारुहळदीतही असतं. ते रक्तात फार कमी शोषलं जातं, तरी साखर उतरवतं. हे कसं, याचं एक उत्तर आतड्यात मिळतं: तिथले जिवाणू त्याचं रूप बदलतात, मग ते शोषलं जातं. शिवाय ते स्वतः जिवाणूंची वस्ती बदलतं. हे काही चोथ्याचं काम नव्हे.

सांडगे_पापड

डॉक्टर, पण ते औषध झालं. हुआंगलियानची भाजी कोणी करत नाही. धागा पथ्याचा आहे.

यांगत्सेकाठची_माई

ही तुमची रेघ झाली. तिकडे अन्न आणि औषध यांत अशी भिंत नाही. चीन सरकारने २००२ मध्ये अन्नही आणि औषधही अशा ८७ पदार्थांची यादीच काढली, त्यात शानयाओ आहे, आलं आहे. आणि पांढऱ्या जोऊला नावं ठेवताना एवढं पाहा: आयी ती चारच दिवस देत, ताप उतरेपर्यंत. पोट बिघडलेल्याला चोथा कोंबा असं तुमचे जिवाणूवालेही सांगणार नाहीत. पाचांची यादी वेगळी काढता येते, पण कुठला पदार्थ कधी द्यायचा नाही, ते उरलेल्या पंच्याण्णवांत असतं.

लोणच्याची_फोड

आंबवलेल्याचं कोणी बोलतच नाहीये. २०२१ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी ३६ जणांवर १० आठवडे प्रयोग केला. चोथा वाढवलेल्यांत जिवाणूंची विविधता सरासरी वाढलीच नाही. दही, किमची (कोरियन लोणचं), कोंबुचा (आंबवलेला चहा) असं घेणाऱ्यांत वाढली आणि दाह दाखवणारी १९ प्रथिनं घटली. चिनी घरात पाओत्साईची बरणी असतेच की. पाण्यातलं लोणचं.

पेट्री_डिश

चांगला मुद्दा. फक्त आत्तेभावांचं बीपी बघून. त्या बरणीत मीठ बेसुमार असतं.

मी_निमित्तमात्र

डबा कितीला पडला ते सांगाल का?

सांडगे_पापड

२,८००. चव भिजवलेल्या पुठ्ठ्याची. आत्या हल्ली त्यातली दोन चमचे भाजणीत ढकलते. आत्तेभावाला अजून पत्ता नाही.